फडकं नाही तर कॉफी नाही

एक होती बेडकी. इवलीशी. तिचं नाव डुबी.

डुबीच्या आईला झाली सर्दी. आक्छी! आई म्हणाली, "डुबे, गरम गरम कॉफी कर गं."

डुबीने तपेलीत कॉफीची पूड टाकली. वर उकळतं पाणी ओतलं. खुळुक खुळुक ढवळलं. झाकण ठेवलं. आता गाळायची!

पण फडकं कुठाय? फडकं नेलं कावळ्याने!

आई आतून ओरडली, "डुबे, बसू दे गं!"

"बसायला वेळ कुणाला आहे?" म्हणाली डुबी. आणि निघाली. टुणुक टुणुक.

"कावळेदादा, कावळेदादा, माझं फडकं दे."

"घरट्यात अंथरलंय. त्याऐवजी काडी आण, मग फडकं देतो. काव!"

"काडी नाही तर फडकं नाही,
फडकं नाही तर कॉफी नाही.
काय बाई कटकट!"

टुणुक टुणुक.

"केरसुणीबाई, केरसुणीबाई, काडी दे."

"मी ओलीचिंब. ऊन आण, मग काडी देते."

"ऊन नाही तर काडी नाही,
काडी नाही तर फडकं नाही,
फडकं नाही तर कॉफी नाही.
काय बाई कटकट!"

टुणुक टुणुक.

"पडदेमामा, पडदेमामा, सरका. ऊन येऊ द्या."

"सरकू कसा? बोका लोळतोय माझ्यावर. बोका हलव, मग सरकतो."

"बोका हलेना तर ऊन नाही,
ऊन नाही तर काडी नाही,
काडी नाही तर फडकं नाही,
फडकं नाही तर कॉफी नाही.
काय बाई कटकट!"

टुणुक टुणुक.

"बोकोबा, बोकोबा, उठा."

"झोप येते गं. आधी कॉफी दे, मग उठतो. म्याँव!"

डुबी फुगली. टम्म फुगली.

"कॉफी नाही तर बोका हलेना,
बोका हलेना तर ऊन नाही,
ऊन नाही तर काडी नाही,
काडी नाही तर फडकं नाही,
फडकं नाही तर कॉफी नाही!
डोकी फिरलीत का सगळ्यांची?"

थप थप पाय आपटत डुबी घरी आली. धप्पकन खाली बसली. डोळे भरून आले.

"आई, गाळायला फडकंच नाही!"

"फडकं कशाला? मी म्हणाले ना, बसू दे!"

"बसले की मी!"

"तू नाही गं बाई! पूड! पूड बसू दे!"

डुबीने झाकण उघडलं. पूड बसली होती तळाशी. गुपचूप. वर कॉफी. गरम गरम! डुबीने ती हळूच ओतली. सुळ्ळ्...

आईला एक कप. बोक्याला एक घोट.

बोका उठला. पडदा सरकला. ऊन आलं. केरसुणी वाळली. केरसुणीने काडी दिली. कावळ्याने फडकं दिलं.

"घे डुबे, गाळ कॉफी!"

"आत्ता? आत्ता देतोस? कॉफी संपली!"

तेवढ्यात आई शिंकली. आक्छी!

डुबीने फडकं घेतलं. आणि आईचं नाक पुसलं.

कप झाला रिता, गोष्ट सरली आता.