गच्चीवरच्या पापड्या

आमच्या शेजारच्या विमलताई तिमांडे गच्चीवर तांदळाच्या पापड्या वाळत घालायच्या आणि ओलसर असतानाच त्या कमी व्हायच्या. त्यांनी तक्रार केली, तर चेअरमन परचुरे भरसभेत म्हणाले, "कुणी वाईटावर नसताना सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, त्याला पॅरानोइया म्हणतात, बाई. गच्चीची किल्ली परत करा."

मी मुद्दाम पुढची खुर्ची धरली होती.

ताई किल्ली काढत म्हणाल्या, "असेल हो. कुणी खाल्ल्या नाहीत हे बरंच झालं. सकाळच्या पिठात मी जमालगोटा कालवला होता."

परचुऱ्यांनी पोट धरलं. "चारच खाल्ल्या तर काही होत नाही ना?"

किल्ली पुन्हा कमरेला खोचत ताई म्हणाल्या, "काही घातलं नव्हतं हो. पण आता तुमच्या पोटात जे ढवळतंय ना, त्याला म्हणतात पॅरानोइया."