खडूची रेघ

घाटाच्या पायथ्याशी एका गावात बाबालाल नावाचा मोटार मिस्त्री होता. हात कसबी, पण स्वभाव फार मानी. त्याची एक रीत होती. दुरुस्त केलेली गाडी तो नुसती सोपवत नसे. मालकाच्या शेजारी बसून घाटात एक फेरी मारायची, आणि मगच किल्ली द्यायची.

एकदा उदाजीराव शर्यतीची गाडी घेऊन आला. तिचं इंजिन मागं होतं, नाक हलकं. घाटातली शर्यत चार दिवसांवर आली होती.

"बाबालाल, स्टिअरिंग कितीही फिरवा, ही वळत नाही. सरळ कठड्याकडं जाते, म्हशीसारखी."

"म्हैस बरी, मालक. तिला हाकणारा कळतो."

बाबालालनं चारही टायरांच्या बाहेरच्या कडेला खडूनं रेघा मारल्या आणि उदाजीरावला घाटात पाठवलं. गाडी परत आली तेव्हा मागच्या रेघा शाबूत होत्या. पुढच्या पार घासून गेल्या होत्या.

"पुढची चाकं रस्ता धरत नाहीत," बाबालाल म्हणाला. "थोडा दोष गाडीत आहे, तो मी काढतो. बाकीचा तुमच्या पायात. तुम्ही वळणातच गॅस दाबता, नाक आणखी हलकं होतं. ब्रेक वळणाआधी मारा. वजन पुढं येऊ द्या, मग वळवा. गॅस वळण सुटताना."

बाबालालनं पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा काढून बारीक घातला. चाकांचा कल जरा आत घेतला. पुन्हा खडू मारला. आता नाक वळणार होतं. पण वळणात भिऊन गॅसवरचा पाय एकदम उचलला, तर मागचं जड इंजिन शेपटीला बाहेर फेकणार होतं. हे तो फेरीत सांगणार होता.

शर्यतीच्या सकाळी तो फेरीसाठी शेजारी बसायला गेला. उदाजीराव चार लोकांसमोर हसला. "बाजूला हो रे. गाडी चालवायला मला तू शिकवणार? पाना धर तू."

बाबालालचा चेहरा लाल झाला. त्यानं किल्ली बॉनेटवर टाकली. "घेऊन जा तुमची गाडी." सांगायचं तसंच तोंडात राहिलं. एक वाक्य होतं फक्त.

शर्यतीत तिसऱ्या वळणावर उदाजीराव नेहमीसारखाच जोरात शिरला. गाडी पहिल्यांदाच झटकन वळली. तो दचकला आणि त्यानं पाय उचलला. शेपटी फिरली, आणि गाडी पाठमोरी कठडा तोडून दरीत गेली.

लोकांनी उदाजीरावला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. बाबालाल खाली उतरला आणि पुढच्या चाकाशी बसला. खडूची रेघ शाबूत होती. काम चोख झालं होतं. त्यानं अंगठ्यानं ती रेघ पुसायला घेतली. ती पुसेना.

तात्पर्य: समोरचा उर्मट आहे म्हणून त्याच्या जिवाची गोष्ट गिळून टाकू नका. त्याचा उर्मटपणा त्याच्याबरोबर जातो, तुमचं गप्प बसणं मात्र तुमच्याजवळच राहतं.