केशर खेकडीची चाल

 

फार वर्षांपूर्वी एका डबक्यात कासवमास्तर सातवीच्या वर्गाला सरळ चालायला शिकवत. केशर खेकडीला ते काही केल्या जमेना. मास्तरांनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, "चाल वाकडी."

त्या उन्हाळ्यात डबकं आटलं. पाणी उरलं ते बांधापलीकडे. बांध उभा आणि माती भुसभुशीत. सगळा वर्ग सरळ चढायचा आणि घसरून खाली यायचा. मास्तर तर दोनदा उताणे पडले.

"मास्तर, माझ्यासारखं आडवं चला," केशर म्हणाली.

"गप गं वाकडे! मास्तरांना शिकवतेस?" वर्गातला बेडूक ओरडला.

केशर थांबली नाही. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे करत ती माथ्यावर पोचलीसुद्धा.

मास्तर बघतच राहिले. "अरे, घाटातला रस्ता असाच तर चढतो! पोरी, खाली ये. पुन्हा चढ, पण हळू. मला शिकायचंय."

संध्याकाळपर्यंत अख्खा वर्ग तिच्यामागून पाण्यावर पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी प्रगतिपुस्तकातलं 'वाकडी' खोडून 'घाटाची' लिहिलं, पहिला तास केशरला घ्यायला सांगितला आणि स्वतः बेडकाशेजारी जाऊन बसले.