रिकामी टाकी

रंगराव इनामदार समोर उभे राहिले की सुरवाडीच्या नाक्यावर कुणाच्या तोंडून शब्द फुटत नसे. नाक्यावरची सगळी जागा त्यांचीच, दौलू पांचाळाच्या गॅरेजाचीसुद्धा.

त्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी गॅरेजात आणवली. गंजून तिच्या तळाला भोक पडलं होतं.

"आत्ताच्या आत्ता झाळ मारून हे भोक बुजव. संध्याकाळी लेकाची वरात याच गाडीतून निघायची आहे."

दौलूनं टाकीचं तोंड हुंगलं. "सरकार, आत पेट्रोलची वाफ असते. आधी धुवावी लागेल, नाहीतर भडका उडतो. माझा थोरला भाऊ असाच गेला."

"टाकी रिकामी आहे! झाळ मार, नाहीतर ही जागाही रिकामी कर."

दौलूनं घाम पुसत झाळ मारायची गॅसची बत्ती उचलली. तेवढ्यात त्याची बायको हौसा पुढे आली. तिनं टाकीच्या तोंडात उदबत्ती खोचली आणि काडेपेटी इनामदारांपुढे धरली.

"सरकार, आमच्यात ज्याची गाडी त्यानंच पहिली उदबत्ती लावायची. टाकी रिकामीच आहे. लावा."

इनामदार वाकले. पेट्रोलचा वास नाकात शिरला. पुढे केलेला हात तसाच थांबला. अखेर ते मागे सरले.

"धुवून घ्या आधी," ते पुटपुटले. मग एकदम तडकले, "आणि मी काडी ओढली असती तर, गं?"

हौसानं काडेपेटी उघडून दाखवली. आत एकही काडी नव्हती.

"रिकामी म्हणजे अशी असते, सरकार."