ठोंबरे साहेबांचा नकार

ऊसतोड कामगारांच्या तळावर गोवर आला, तेव्हा परदेशात वास्तुरचना शिकून परतलेल्या रेवती घुगेने आजारी मुलांसाठी चाकांवरची कोपी बांधली. बांबूचा सांगाडा, वर उसाच्या वाळक्या पाचटाचं जाड छप्पर, भिंतींना ओली गोणपाटं. तळ हलला की बैल जुंपायचे आणि कोपीही न्यायची. मंजुरी मात्र साखर कारखान्याच्या ठोंबरे साहेबांच्या हाती होती.

"अहो बाई, एवढं शिकून शेवटी झोपडीच बांधलीत?" साहेब हसले. "पोरं आमच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहतील. पक्कं काम आहे ते."

"बरं साहेब. नकाराची कारणं तेवढी लिहून द्या. टेबल-खुर्ची शेडमध्येच मांडलीय."

एप्रिलच्या भर दुपारी साहेब तापलेल्या पत्र्याखाली लिहायला बसले. दुसऱ्या ओळीला घामाने शाई फुटली. पाचव्या ओळीला साहेब कागद घेऊन उठले आणि थेट कोपीतल्या बाजेवर येऊन टेकले.

रेवतीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "साहेब, तुम्हाला उठून इकडे येता आलं. तापाने फणफणलेलं पोर कसं येणार?"

साहेबांनी तांब्या रिकामा केला, पाचही ओळी खोडल्या आणि तिथेच बसून मंजुरी लिहिली.

"अशा अजून चार बांधा," ते म्हणाले. पण बाजेवरून काही लवकर उठले नाहीत.