कोरडी काठी

फार फार पूर्वी, नदीलाही अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वळणावर नावाड्यांचं गाव होतं. तिथे धुकं पाहुण्यासारखं यायचं आणि रेंगाळत बसायचं.

नावाड्यांनी मिळून एक बंधुमंडळ बांधलं होतं. दर सुगीला प्रत्येक घर मंडळाच्या रांजणात तेल ओतायचं. त्यावर घाटावरचा दिवा जळायचा आणि अडल्यानडल्याच्या घरी वाटीभर तेल जायचं. वर्ष सरलं की मंडळाचा म्हातारा नाईक रांजणात काठी बुडवायचा. काठी जवळजवळ कोरडीच निघायची. सगळे हसायचे आणि पुन्हा तेल आणायचे. झाला वर्षाचा हिशोब!

एका वर्षी नवा कारभारी नेमला. माणूस हाताचा स्वच्छ, पण भारी काटकसरी. ‘माझ्या वर्षी काठी वरपर्यंत भिजलीच पाहिजे,’ असं त्याने मनाशी ठरवलं. त्याने दिव्याची वात बारीक केली. एका नावाड्याची म्हातारी विधवा वाटी घेऊन आली, तर तिला म्हणाला, “वर्ष सरू दे, आजी, मग बघू. थेंबे थेंबे तळे साचे.”

तळं साचलं हो, पण तहानलेल्याला ओंजळभर मिळेना! आजी रिकामी वाटी घेऊन परतली.

हिशोबाच्या आदल्या दिवशी कारभाऱ्याची लेक नावेने माहेरी यायची होती. तिन्हीसांजेला धुकं असं दाटलं, की नदी कुठली आणि आभाळ कुठलं ते कळेना. लांबून हाक आली, “बाबा, घाट कुठं आहे?”

कारभाऱ्याने दिवा उंच धरला. त्या बारीक वातीचा उजेड पायऱ्यांपर्यंतही पोचेना. हाक उजवीकडून आली, मग डावीकडून, मग खडकांच्या बाजूने.

तेवढ्यात आजी आली. अंगावरची गोधडी तिने त्याच्या हातात कोंबली.

“बघत काय उभा राहिलास? बुडव रांजणात आणि पेटव!”

गोधडी पेटली. मग घराघरातून गोधड्या आल्या, बुडाल्या, पेटल्या. सगळं धुकं सोनेरी झालं. त्या सोन्यातून नाव अलगद घाटाला लागली. बाप लेकीला धरून ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्या दिवशी नाईकाने काठी बुडवली. ती ठणठणीत कोरडी निघाली. कारभाऱ्याने मान खाली घातली.

“चोख हिशोब!” नाईक हसून म्हणाला. “सगळं तेल तुझ्या लेकीच्या पावलांनी घरी आलं की रे.”

त्या सुगीला रांजणात पहिलं तेल कारभाऱ्याने ओतलं. त्याआधी तो आजीच्या घरी नवी गोधडी आणि भरलेली वाटी ठेवून आला होता.

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, दहा हातांनी साठवलेलं अडलेल्याच्या कामी आलं, तरच ते शिल्लक म्हणायचं.