पडवीचा ढिला नट

"आधीच्या पडवीचं पहिल्या वळणापासून रडगाणं असायचं. ही तरी तोंड मिटून बसली म्हणजे मिळवली!" जीपच्या पाठीला लटकलेली स्टेपनीआत्या टपावरच्या कॅरिअरकाकांना हळूच म्हणाली.

वस्तू आपसांत बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. सावलीसाठी उघडायची कापडी पडवी त्याच सकाळी कॅरिअरच्या कडेला, तंबूच्या शेजारी नटबोल्टांनी बसवली होती. आत्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं आणि काही चुकलेलं नसतानाही ती शरमेनं स्वतःला आणखीच घट्ट गुंडाळून बसली.

नदीतल्या गोट्यांवरून जाताना तिचा मागचा नट सैल झाला. आवाज होऊ नये म्हणून तिनं अंग चोरून बोल्ट दाबून धरला.

"मोठी समंजस आहे हो ही!" तंबूभाऊजी कौतुकानं म्हणाले आणि निर्धास्त झोपी गेले. पडवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घाटात तो नट गळून पडला. ज्या पट्टीवर पडवी होती तिच्यावरच तंबूही कसलेला होता आणि आता ती पट्टी उचकटू लागली. झोपलेल्या तंबूकडे बघून पडवीला स्वतःच्या समंजसपणाची लाज वाटली.

"आत्या," ती मोठ्यानं म्हणाली, "माझा नट पडलाय. कधीचा ढिला होता, पण तुमचं सकाळचं बोलणं ऐकून मी गप्प बसले. आता मी जोरात खडखडणार आहे. तुम्हीही सगळे खडखडा, म्हणजे ड्रायव्हर गाडी थांबवेल."